आपण म्हातारे का होतो? पेशीतला हिशेब आणि दीर्घायुष्याची ओढ



वडीलधाऱ्यांच्या पाया पडलं की आशीर्वाद मिळतो, "शतायुषी हो", "औक्षवंत हो". भरपूर जगावं ही इच्छा आपल्या भाषेतच मुरलेली आहे. पण गंमत बघा, "म्हातारा हो" असा आशीर्वाद कुणीच देत नाही! आयुष्य लांब हवं, म्हातारपण मात्र नको. ही दोन्ही एकत्र मिळतात का, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. महाभारतातला ययाती आठवा. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली म्हातारपण आलं. ते दुसऱ्या कुणाला देता येईल असा उःशाप मिळाला, तेव्हा त्याने मुलांकडेच तारुण्य मागितलं. पुरूने ते दिलं. वि. स. खांडेकरांनी याच कथेवर 'ययाति' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यासाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. या कथेतली एक गोष्ट लक्षात ठेवा: ययातीला तारुण्य फुकट मिळालं नाही, त्याची किंमत पुरूने मोजली. आज आपण जे विज्ञान पाहणार आहोत, त्यात हा किंमतीचा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येईल.

आधी एक गैरसमज दूर करू

"पूर्वीची माणसं शंभर वर्षं जगायची" असं काही जण म्हणतात. उलट पुस्तकात वाचायला मिळतं की स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं आणि आता ते ७० च्या आसपास आहे. मग तेव्हा माणसं तिशीतच म्हातारी व्हायची का? नाही.

साधं गणित करू. एका वाडीत १० मुलं जन्मली. त्यातली ३ जन्मल्यावर लगेच दगावली, उरलेली ७ जण ६० वर्षं जगली. एकूण वर्षं झाली ४२०. भागिले १० केलं की सरासरी येते ४२. पण त्या वाडीत ४२ व्या वर्षी एकही माणूस मेलेला नाही! आता समजा लसीकरण, स्वच्छ पाणी आणि सुईणीऐवजी प्रशिक्षित परिचारिका आली, आणि दहाही मुलं ६० वर्षं जगली. सरासरी एकदम ६० झाली. म्हातारपण मात्र एक दिवसही पुढे ढकललं गेलेलं नाही.

म्हणजे गेल्या शतकात आपण मुख्यतः अकाली मृत्यू कमी केला. ही फार मोठी गोष्ट आहे. पण माणसाच्या आयुष्याची वरची मर्यादा जवळपास तिथेच आहे. खात्रीशीर नोंद असलेलं सर्वांत दीर्घ आयुष्य फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्मां या बाईंचं. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७. एकूण १२२ वर्षं १६४ दिवस. त्यानंतर इतकी वर्षं लोटली, औषधं किती सुधारली, पण नोंद असलेल्या कुणीही १२० चा टप्पाही गाठला नाही. जपानच्या काने तनाका ११९ वर्षांपर्यंत पोचल्या.

या मर्यादेमागे एक नियम दिसतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ हा इंग्रज गणिती विमा कंपनीसाठी मृत्यूचे तक्ते अभ्यासत होता. १८२५ साली त्याने दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. आजच्या आकडेवारीत तो साधारण दर ८ वर्षांनी दुप्पट होतो. चाळिशीत धोका १ धरला तर अठ्ठेचाळिशीत २, छप्पनला ४, चौसष्टला ८. सावकाराचं व्याज जसं सुरुवातीला जाणवत नाही आणि नंतर गळ्याशी येतं, तसंच हे.

पेशी अमर असतात का?

आता शरीराच्या आत जाऊ. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि पेशी विभागून नव्या पेशी तयार करतात. मग जुन्या पेशी जातील, नव्या येतील, शरीर नवंच राहील. असं का होत नाही?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांना वाटायचं की पेशी मुळात अमरच असतात. याला कारण होतं अ‍ॅलेक्सिस कॅरल या नोबेलविजेत्या शल्यवैद्याचा प्रयोग. न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली त्याने कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यात वाढवायला घेतला. तो वाढतच राहिला. १९४४ साली कॅरल वारला, पण ते भांडं १९४६ पर्यंत चालू होतं! कोंबडी काही ३४ वर्षं जगत नाही. म्हणून निष्कर्ष निघाला की पेशी अमर, म्हातारं होतं ते शरीर.

हा निष्कर्ष खोडून काढला लेनर्ड हेफ्लिक या तरुण संशोधकाने. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये तो मानवी पेशी वाढवत होता. त्याला दिसलं की पेशी काही महिने जोमाने विभागतात, मग मंदावतात आणि साधारण ५० विभाजनांनंतर थांबतात. मरत नाहीत, पण पुढे विभागतही नाहीत.

पहिली शंका अशी की काहीतरी बिघडलं असेल. पोषणद्रव्य खराब असेल, एखादा विषाणू शिरला असेल. मग हेफ्लिक आणि त्याचा सहकारी पॉल मूरहेड यांनी काय केलं ते नीट वाचा, कारण चांगला प्रयोग कसा असतो याचा हा नमुना आहे. त्यांनी सुमारे ४० वेळा विभागलेल्या पुरुषाच्या पेशी आणि सुमारे १० वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी एकाच भांड्यात मिसळल्या. स्त्री-पुरुषांच्या पेशी गुणसूत्रांवरून ओळखता येतात. दोघींना अन्न तेच, भांडं तेच. दोष अन्नात किंवा विषाणूत असता तर दोन्ही प्रकारच्या पेशी एकदमच थांबल्या असत्या. पण काही दिवसांनी पाहिलं तर भांड्यात फक्त स्त्रीच्या, म्हणजे तरुण पेशी उरल्या होत्या. याचा अर्थ, मोजणी प्रत्येक पेशीच्या आतच चालू होती.

आणखी एक नवल. विभाजनाच्या मध्यावर पेशी गोठवून ठेवल्या आणि पुढे केव्हातरी बाहेर काढल्या, तर त्या जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे मोजू लागतात. २० विभाजनं झाली असतील तर उरलेली ३० च होतात. दिनदर्शिकेवर किती वर्षं गेली याच्याशी पेशीला देणंघेणं नाही, ती विभाजनं मोजते.

हा निबंध एका नामवंत नियतकालिकाने नाकारला होता. शेवटी तो १९६१ साली दुसरीकडे छापून आला. आज या मर्यादेला 'हेफ्लिक मर्यादा' म्हणतात. मग कॅरलच्या भांड्याचं काय? त्याच्या पेशींना पोषण म्हणून कोंबडीच्या गर्भाचा अर्क घालत. त्या अर्कातून ताज्या पेशी भांड्यात जात असाव्यात, असं स्पष्टीकरण पुढे दिलं गेलं. म्हणजे विहीर आटत नाही म्हणून कौतुक करायचं, आणि रोज कुणीतरी तिच्यात घागर ओतत असायचं!

पेशी मोजते कशी?

आता कळीचा प्रश्न. पेशीला आकडे कुठे येतात? मग ती मोजते कशी?

जमीन सारवणारी व्यक्ती डोळ्यासमोर आणा. ती मागे मागे सरकत सारवत येते. मागे भिंत लागली की तिच्या स्वतःच्या पायाखालची जागा कोरडीच राहते. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचंही असंच होतं. धाग्याच्या अगदी टोकाला तिला टेकायला जागा लागते, त्यामुळे टोकाचा छोटा तुकडा नकलेत उतरत नाही. दर विभाजनाला गुणसूत्र थोडं थोडं आखूड होतं. १९७१ साली अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हा विचार मांडला. मॉस्कोच्या मेट्रो स्थानकात गाडीची वाट पाहताना त्याला हे सुचलं असं सांगतात. गाडी उभी असते तेव्हा तिच्या खालचा रूळ जसा झाकलेलाच राहतो, तसं.

मग महत्त्वाची जनुकं कातरली जात नाहीत का? नाही, कारण गुणसूत्राच्या टोकांना एक राखीव पट्टा असतो. त्याला 'टेलोमिअर' म्हणतात. कासऱ्याचं टोक उसवू नये म्हणून शेतकरी गाठ मारतो ना, तसा. माणसात हा पट्टा म्हणजे टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं हजारो अक्षरांपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलेली. त्यात कुठलीही 'पाककृती' नाही. झिजायचं तर याने झिजावं, यासाठीच तो आहे. पट्टा फारच आखूड झाला की पेशी धोका ओळखते आणि विभाजन थांबवते. हेफ्लिकने जे पाहिलं त्याचं कारण हे.

आता हुशार विद्यार्थी विचारेल, "मग बाळ नवं कोरं कसं जन्मतं? आईवडिलांचे पट्टे तर झिजलेले असतात." उत्तर सापडलं तळ्यातल्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि तिची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांना त्यात टेलोमिअर पुन्हा लांब करणारं विकर मिळालं. पहिला स्पष्ट पुरावा ग्रायडरला दिसला तो १९८४ च्या नाताळच्या दिवशी. त्याला 'टेलोमरेज' नाव मिळालं. बीजपेशी तयार करणाऱ्या पेशींमध्ये हे विकर काम करत असतं, शरीराच्या बहुतेक इतर पेशींमध्ये ते बंद असतं. या शोधासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

मग टेलोमरेज सुरूच करून टाकू!

वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९९८ साली प्रयोगशाळेत सामान्य मानवी पेशींत टेलोमरेज सुरू करून पाहिलं. पेशी हेफ्लिक मर्यादा ओलांडून पुढे विभागत राहिल्या. मग अमृत सापडलं म्हणायचं का?

थांबा. ज्या पेशी थांबायला विसरतात त्यांना आपण काय म्हणतो? कर्करोग. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांमध्ये टेलोमरेज सुरू झालेलं आढळतं. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स ही बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वयाच्या ३१ व्या वर्षी वारली. तिच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. 'हेला' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पेशी आजही जगभर विभागत आहेत. पोलिओच्या लसीपासून कितीतरी संशोधन त्यांच्यावर झालं. पेशी अमर झाल्या, पण ती बाई गेली. तिच्या घरच्यांना तर कित्येक वर्षं याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे पेशीचं थांबणं हा निव्वळ दोष नाही. तो आपल्या संरक्षणासाठी लावलेला ब्रेक आहे. तरुणपणी तो ब्रेक आपल्याला कर्करोगापासून वाचवतो, उतारवयात मात्र त्याचीच किंमत मोजावी लागते. थांबलेल्या पेशी शरीरात साचतात आणि सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. २०११ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी लवकर म्हातारे होणाऱ्या खास जातीच्या उंदरांतून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा त्यांचे स्नायू झिजणं आणि मोतीबिंदू होणं लांबलं.

पण टेलोमिअर म्हणजेच म्हातारपण असंही समजू नका. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, तरी तो जगतो दोन-तीन वर्षं. आपल्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी विभागतच नाहीत, तरी त्या म्हाताऱ्या होतात. डीएनएची मोडतोड, बिघडलेली प्रथिनं, थकलेल्या तंतुकणिका अशी अनेक कारणं एकत्र काम करतात. घर एकाच भिंतीने पडत नाही.

निसर्गाने हे दुरुस्त का केलं नाही?

घरखर्चाचं उदाहरण घ्या. महिन्याचा पगार ठरलेला आहे. मुलांचं शिक्षण करायचं की घराची कौलं बदलायची? शरीराकडेही ऊर्जा मर्यादित असते. ती पेशींच्या दुरुस्तीवर खर्च करायची की पिल्लं जन्माला घालण्यावर? टॉम कर्कवूड या शास्त्रज्ञाने १९७७ साली असा विचार मांडला. रानातला उंदीर बहुधा वर्षभरातच साप, घुबड किंवा थंडीला बळी पडतो. त्याचं शरीर दहा वर्षं टिकेल असं बांधून निसर्गाला काय फायदा? त्यापेक्षा लवकर पिल्लं झालेली बरी.

याचा पडताळा बघा. ब्रांट वटवाघूळ उंदराहूनही हलकं, वजन जेमतेम ७ ग्रॅम. पण ते उडतं, शत्रूच्या तावडीत सहज सापडत नाही. सायबेरियात असं एक वटवाघूळ किमान ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे. म्हणजे आयुष्याची लांबी दगडावरची रेघ नाही. ती बदलू शकते.

माणसाच्या हाती काय लागलं?

१९३५ साली क्लाइव्ह मॅके या शास्त्रज्ञाने दाखवलं की पोषण पुरेसं ठेवून उष्मांक कमी दिले तर घुशीसारखे पांढरे उंदीर जास्त जगतात. १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी एका सूक्ष्म कृमीचं एकच जनुक बदललं आणि त्याचं आयुष्य दुप्पट झालं.

तिसरी गोष्ट औषधाची. ईस्टर बेटाला तिथले लोक 'रापा नुई' म्हणतात. तिथून १९६४ साली आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांनी एक द्रव्य वेगळं केलं. बेटावरून त्याचं नाव पडलं 'रापामायसिन'. कंपनीने पुढे त्यावरचं काम थांबवलं तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. २००९ साली हे औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या घरातल्या उंदरांना दिलं. नरांचं आयुष्य ९ टक्के आणि माद्यांचं १४ टक्के वाढलं.

मग आपणही घ्यायचं का? अजिबात नाही. हे औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात, कारण ते रोगप्रतिकारशक्ती दाबतं. पिंजऱ्यातल्या उंदराचं ठीक आहे, आपल्याला बाहेर जंतूंत राहायचं आहे. पुन्हा तोच प्रश्न आला: किंमत काय? तेव्हा 'वय दहा वर्षांनी कमी करा' अशी गोळीची किंवा पावडरची जाहिरात दिसली तर तीन प्रश्न विचारा. हे कुणावर तपासलं, कृमीवर, उंदरावर की माणसावर? किती जणांवर, किती वर्षं? आणि न घेणाऱ्यांशी तुलना केली का?

या तीनही प्रश्नांना उतरणारा एक अभ्यास सांगतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेवली. ५० वर्षांनंतर, २००४ साली निष्कर्ष आला: सिगारेट ओढत राहणारे सरासरी १० वर्षं कमी जगले. ज्यांनी साठीत सोडली त्यांना ३ वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडली त्यांना ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडली त्यांना जवळपास सगळी १०. आज बाजारात असलेल्या कोणत्याही 'तरुण ठेवणाऱ्या' गोळीकडे असा पुरावा नाही. गुटखा आणि तंबाखूच्या पुड्या शाळेच्या वाटेवर मिळतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

लांब की चांगलं?

जागतिक आरोग्य संघटना दोन आकडे मोजते: सरासरी आयुर्मान आणि निरोगी आयुर्मान. २०१९ मध्ये जगाचं सरासरी आयुर्मान सुमारे ७३ वर्षं होतं आणि निरोगी आयुर्मान सुमारे ६४. मधली नऊ वर्षं माणूस जगतो, पण पूर्ण निरोगीपणे नाही. वृद्धत्वाचं संशोधन करणाऱ्या अनेकांचं उद्दिष्ट माणसाला दोनशे वर्षं जगवणं हे नाही, तर ही दरी कमी करणं हे आहे.

आणि ती दरी नुसती प्रयोगशाळेत भरून निघणार नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठी ओलांडलेले लोक १० कोटींहून जास्त होते. आईवडिलांचा सांभाळ करावा म्हणून २००७ साली आपल्याला कायदा करावा लागला, यातच काय ते समजा. आपण आजीआजोबांना "शंभर वर्षं जगा" म्हणतो. पण त्या वर्षांत त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची गोळी, पडू नये म्हणून न्हाणीघरातला दांडा आणि संध्याकाळी बोलायला एक माणूस, हे कोण देणार? पुरूकडून ययातीने तारुण्य मागून घेतलं. आपले म्हातारे आपल्याकडे तारुण्य मागत नाहीत, थोडा वेळ मागतात. तो देण्यासाठी टेलोमरेज लागत नाही.

स्वाध्याय

१. सरासरी आयुर्मान वाढलं तरी म्हातारपण पुढे गेलं असं का म्हणता येत नाही? स्वतःचं उदाहरण तयार करून गणिताने दाखवा.

२. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दोन्ही पेशी एकाच भांड्यात का ठेवल्या? वेगळ्या भांड्यांत ठेवल्या असत्या तर कोणती शंका उरली असती?

३. 'पेशीचं थांबणं हा शापही आहे आणि वरदानही.' पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

४. उंदीर आणि ब्रांट वटवाघूळ यांच्या आयुष्यात एवढा फरक का, ते घरखर्चाच्या उदाहरणाने सांगा.

५. उपक्रम: घरातल्या किंवा शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीशी अर्धा तास बोला. त्यांना आणखी किती जगावंसं वाटतं हे विचारू नका. उरलेले दिवस कसे जावेत असं वाटतं, ते विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणा.